एकोणिसाव्या खोक्यातला पक्षी

१

एकोणिसाव्या खोक्यात पक्षी नव्हता. पांढऱ्या मऊ कागदाच्या घरट्यात अंगठ्याएवढा तांब्याचा पक्षी असायचा, तिथे वाटेत कुठेही पायाला लागावा असला एक गोटा आरामात बसला होता.

मॅडमच्या हातून झाकण निसटलं आणि फरशीवर आपटलं. लांबलचक खोलीतल्या पाचही टेबलांवरची कामं थांबली. मॅडम म्हणजे उत्खनन भांडाराच्या संचालिका. त्यांचा आवाज चढलेला आजवर कोणी ऐकला नव्हता, आणि आजही तो चढला नाही. तेच जास्त भीतीदायक होतं.

"सोमवारी धातूच्या वस्तू कोणी भरल्या?"

"मी," वहिनी म्हणाली.

खिडकीजवळच्या टेबलावर टपालताईची टाचणी हातातच राहिली. वहिनी ही तिच्या मोठ्या भावाची बायको. टपालताई तिला वहिनी म्हणायची म्हणून इथले सगळेच वहिनी म्हणू लागले होते. आणि टपालताईला टपालताई म्हणायचे, कारण तिने चौतीस वर्षं टपाल कार्यालयात पत्रं निवडण्यात घालवली होती. दोघी निवृत्त झाल्या, घरात एकमेकींच्या पायात पायात येऊ लागल्या, तेव्हा भावानेच हात जोडून त्यांना इथे धाडलं होतं.

काम सोपं आणि किचकट, दोन्ही होतं. चाळीस वर्षांच्या उत्खननांत निघालेल्या वस्तू कुजक्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून काढायच्या, यादीशी ताडायच्या आणि नव्या प्लास्टिकच्या खोक्यांत भरायच्या. मातीच्या भांड्यांचे तुकडे, म्हणजे खापरं, पिशवीत घालून पिशवीला टाचणीने भोकं पाडायची, नाहीतर आत दमट होतं. धातूचं तंत्र उलटं. त्याला हवाच लागू द्यायची नाही. घट्ट झाकणाचं खोकं आणि आत दमटपणा शोषणारी सिलिकाची पुडी, नव्या बुटांबरोबर येते तसली.

मॅडमनी घरट्याखाली बोट घालून पाहिलं. "पुडीसुद्धा नाही. चिठ्ठीवर मात्र तुमची सही आहे. 'वस्तू एक, पुडी एक.' वहिनी, तुम्ही न बघताच सही केलीत?"

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने सव्वीस वर्षं शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिका म्हणून काढली होती. टाके घालण्याआधी कापसाचे बोळे मोजायचे आणि पुन्हा मोजायचे, असा तिचा जन्म गेला होता. न बघता सही केलीस असं तिला म्हणणं म्हणजे तिच्या अख्ख्या आयुष्यावर शाई ओतण्यासारखं होतं.

"उद्या सकाळी क्ष-किरणवाले येणार आहेत, खास या पक्ष्यासाठी," मॅडम म्हणाल्या. "आज चार वाजता विश्वस्तांची बैठक आहे. तोवर पक्षी मिळाला नाही, तर स्वयंसेवकांचं काम बंद होईल, आणि पोलिसांत जे नाव द्यावं लागेल ते तुमचं असेल. माझा नाइलाज आहे."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

२

पहिला तास सगळ्यांनी टेबलं, खण, कपाटं उलथीपालथी करण्यात घालवला. पक्षी नव्हता. दारावरचा रखवालदार शपथेवर सांगत होता की सोमवारी आणि काल मंगळवारीही संध्याकाळी त्याने सगळ्यांच्या पिशव्या आणि खिसे तपासले. हे खरं असणारच, कारण तो मॅडमचा डबासुद्धा उघडून बघायचा.

वहिनी एका कोपऱ्यात बसून होती. डिंककाकांनी तिला पाण्याचा पेला आणून दिला. डिंककाका इथले दुरुस्तीवाले. मोडलेलं काहीही जोडून देतील, आणि तेही असं की जोड शोधून दाखवा.

"मनाला लावून घेऊ नका, वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले. "वय झालं की होतं असं."

"माझं वय झालंय, डोळे नाही गेले," वहिनी म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. घरी टपालताईचं या बाईशी दिवसातून चार वेळा भांडण व्हायचं. तिच्या जिवाला असं लागलेलं मात्र बघवत नव्हतं.

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "वहिनी, मला सांग. सोमवारी तू पुड्या किती घेतल्यास?"

"झाली का तुमची चौकशी सुरू, वन्सं?" वहिनी रागावली की टपालताईची 'वन्सं' व्हायची. जरा जीव आला म्हणायचा.

"किती?"

"बत्तीस. खोकी बत्तीस, पुड्या बत्तीस. डिंककाकांनी मोजून दिल्या, मी मोजून घेतल्या. शेवटच्या खोक्यात शेवटची पुडी गेली आणि ताट रिकामं झालं."

"नक्की?"

"मी एखादी पुडी विसरले असते तर ताटात एक उरली नसती का?"

टपालताई खुर्चीतच ताठ झाली. हे इतकं सरळ होतं आणि सकाळपासून एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुडी विसरली असं सगळे धरून चालले होते. पण पुडी विसरली नव्हती. पुडी खोक्यात होती, आणि ज्याने पक्षी नेला त्याने पुडीही नेली होती.

पण चोराला ती पुडी कशाला हवी होती?

३

किल्लीवाले दाराजवळच्या छोट्या टेबलावर वही घेऊन बसायचे. भांडाराची प्रत्येक किल्ली त्यांच्या ताब्यात असायची, निदान त्यांचा तसा समज होता.

"धातूचं कपाट दिवसभर उघडंच असतं," ते कानावर हात ठेवत म्हणाले. "पण मंगळवारी त्याच्याजवळ कोण कोण गेलं ते माझ्या वहीत आहे. खापरसर, डिंककाका आणि मी स्वतः. वहिनी मंगळवारी तिकडे फिरकल्यासुद्धा नाहीत."

"मग हे मॅडमना सांगितलं नाहीत?"

"मला कोणी विचारलं का?"

टपालताईने कपाळाला हात लावला आणि खापरसरांकडे मोर्चा वळवला. खापरसर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. मातीचा तुकडा नुसता हातात घेऊन तो कोणत्या शतकातला ते सांगायचे, आणि न विचारता सांगायचे. पक्षी गेल्याचं दुःख त्यांना सगळ्यांत मोठ्याने झालं होतं.

"मंगळवारी कपाटाकडे कशाला गेला होतात, सर?"

"निरोप घ्यायला! उद्या क्ष-किरणांत माझं म्हणणं सिद्ध होणार होतं. त्या चोचीवर मी अकरा पानं लिहिली आहेत, ताई. इतकी लांब चोच या भागात कुठेच मिळालेली नाही. शरीराबरोबरच ओतलेली, भरीव. खिळा ठोकलात तरी वाकायची नाही."

"खोकं उघडून बघितलंत?"

"पारदर्शक झाकणातूनच बघितलं. मॅडमनी उघडायला बंदी केली आहे ना! कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं, म्हटलं आहे."

म्हणजे तो गोटा तेव्हाही असू शकत होता. टपालताईने ते मनात टिपून ठेवलं. सरांना क्ष-किरणांची घाई झालेली होती. ते पक्षी कशाला लपवतील?

डिंककाका आपल्या टेबलावर एका घड्याचा काठ जुळवत बसले होते. बोटं लांब, स्थिर. बोलणंही तसंच सावकाश.

"मी गेलो होतो खरा," ते म्हणाले. "पुड्यांचा रंग बघायला. पुडी दमटली की रंग बदलते, मग ती पुन्हा तापवून कोरडी करावी लागते. तांब्याचं काही खरं नसतं, ताई. दमट हवेत चार दिवस राहिलं तर हिरवी भुकटी सुटते. एकदा लागण झाली की आतून पोखरून टाकते."

"मग आता पक्षी कुठे असेल, कसा असेल..."

"सापडेल हो." त्यांनी तिच्याकडे न बघता तुकडा जागेवर बसवला. "दोन-तीन आठवड्यांत इथेच कुठेतरी सापडेल. माझं मन सांगतंय. तोवर कोणी उगाच आकांडतांडव करू नये."

टपालताई परत आपल्या जागी आली. समोर अर्धवट टोचलेली पिशवी तशीच पडली होती. तिने टाचणी उचलली, दोन भोकं पाडली आणि तिसरं पाडता पाडता तिचा हात थांबला.

बाहेरच्या आवारात एका मोटारीचं दार धाडकन लागल्याचा आवाज आला.

४

"किल्लीवाले! ती कसली गाडी?"

"शाळांची पेटी न्यायला आली होती, निघालीच आता. दर महिन्याला येते. तीन शाळा फिरून पेटी तीन आठवड्यांनी परत येते."

"पेटीत काय असतं?"

"खापरं. साठ पिशव्या, मुलांना हातात घ्यायला द्यायच्या. वरच्या थरात चांगली, आणि खाली धक्के बसू नयेत म्हणून बिनकामाच्या तुकड्यांच्या पिशव्यांचं भरताड. ते कोणी उघडत नाही. काल दुपारीच बांधून ठेवली मी."

"आणि परत आली की कोण उघडतं?"

"डिंककाका. मुलांनी काय काय फोडलं ते तेच बघतात ना."

टपालताई पळाली. बासष्टाव्या वर्षी, सुती साडीत, गुडघ्यांची तक्रार कानाआड करून ती पळाली, आणि गाडी आवाराच्या फाटकाशी पोचली तोवर तिच्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा!" गाडीवाला ओरडला. "मला उशीर होतोय."

"होऊ दे. आधी पेटी उतरव."

"अहो, पण कोणाच्या परवानगीने?"

"पेटी उतरवेपर्यंत माझ्या," टपालताई म्हणाली. "नंतर मॅडमची घेऊ."

तिचा तो अवतार बघून गाडीवाल्याने हात टेकले. दोन माणसांनी पेटी उचलून आत आणली आणि मोठ्या टेबलावर ठेवली. गडबड ऐकून मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या मागे तीन विश्वस्तही आले. बैठक चारला होती, पण असल्या बातमीने माणसं लवकर येतात.

"टपालताई, हा काय प्रकार आहे?" मॅडमनी विचारलं. "त्या पेटीत खापरं आहेत."

"साठ पिशव्या आहेत, मॅडम. त्यातल्या एकीत पक्षी आहे."

विश्वस्तांपैकी जाडजूड चष्म्याचे अध्यक्ष खुर्ची ओढून बसले.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

५

टपालताईने पदर खोचला. चौतीस वर्षांत तिला एकदाही कोणी 'कशावरून' असं विचारलं नव्हतं. ती संधी ती सोडणार नव्हती.

"पुडीवरून. वहिनीने बत्तीस पुड्या घेतल्या, बत्तीस खोकी भरली, एकही उरली नाही. म्हणजे एकोणिसाव्या खोक्यात पुडी होती. ती पक्ष्याबरोबर गेली. आता विकण्यासाठी चोरणारा माणूस पक्षी उचलेल आणि पळेल. तो पुडी नाही उचलणार. पुडी कोण उचलेल? ज्याला माहीत आहे की आता पक्षी काही आठवडे दमट जागी राहणार आहे, आणि ज्याला तो खराब झालेला सहन होणार नाही."

खापरसर खुर्ची ओढून पुढे सरकले.

"दारावर खिसे तपासतात. मग पक्षी बाहेर न्यायचा कसा? आमच्या टपाल कार्यालयात एक जण पाकिटांतली घड्याळं लांबवायचा. झडतीत त्याच्याकडे कधी काही मिळायचं नाही, कारण तो घड्याळ खिशात घालतच नव्हता. दुसऱ्या पाकिटात घालून, वर स्वतःचा पत्ता लिहून, ते थैलीत टाकायचा. आमचाच टपालवाला त्याला ते घरी नेऊन द्यायचा! इथून बाहेर जाणारी थैली एकच. ही पेटी."

"साठ पिशव्या उघडायच्या म्हणजे संध्याकाळ होईल," मॅडम म्हणाल्या.

"एकही उघडायची नाही. खापरांच्या पिशवीला आपण भोकं पाडतो. पण भोकं पाडलेल्या पिशवीत पुडी ठेवून काय उपयोग? बाहेरचाच ओलावा शोषत बसेल. ज्या पिशवीत पुडी आहे तिला भोकं नसणार."

तिने वरच्या थरातली एक पिशवी उचलून दाबली. फुस्स करून हवा गेली. दुसरी, फुस्स. वहिनी कोपऱ्यातून उठून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि न सांगता पिशव्या पुढे करू लागली. "तीन... चार... पाच..." वहिनी मोजत होती, टपालताई दाबत होती. वरच्या थराच्या चाळीस संपल्या. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. भरताडाच्या पिशव्या सुरू झाल्या. फुस्स. फुस्स. पन्नास झाल्या. टपालताईच्या काखेत घाम आला, आणि आपलं काही चुकलं तर वहिनीचं काय होईल हा विचार तिने जोराने बाजूला सारला.

"त्रेपन्न," वहिनी म्हणाली.

त्रेपन्नावी पिशवी दाबली आणि ती फुगलेलीच राहिली. टपालताईने ती उंच धरली.

"हिची हवा जात नाही," ती मोठ्याने म्हणाली. "बघू या, जोर लावून दाबते." आणि तिने दोन्ही अंगठे पिशवीवर रोवले.

"दाबू नका!" डिंककाका ओरडले. "चोच निखळेल!"

६

सगळ्या माना एकदम वळल्या. पहिले बोलले ते खापरसर.

"निखळेल? ओतीव चोच? कशी निखळेल?"

टपालताईने अंगठे हळूच उचलले.

"घाबरू नका, काका. मी पुडीवरच दाबत होते. नाजूक सामान कुठल्या बाजूला आहे ते माझ्या बोटांना कळतं. पण त्यात चोचीचा पक्षी आहे, आणि चोच निखळू शकते, हे पिशवी न उघडता तुम्हाला कळलं. सरांच्या मते तिच्यावर खिळासुद्धा ठोकता येतो."

मॅडमनी पिशवी कात्रीने उघडली. आत लहान खापरांच्या गराड्यात, मऊ कागदात गुंडाळलेला पक्षी होता, आणि त्याला चिकटून एक कोरडी ठणठणीत पुडी. हिरव्या भुकटीचा एक कणही नव्हता.

डिंककाका स्टुलावर बसले.

"नऊ वर्षं झाली," ते म्हणाले. "साफ करताना चोच माझ्या हातात चुरून गेली. पोखरलेलीच होती, पण हात माझा होता. मी राळेत तांब्याची पूड कालवून नवी बसवली. मूळची आखूड होती, माझ्याकडून जरा लांब झाली. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता राहून गेलं. मग सरांनी तिच्यावर लिहिलं..."

"अकरा पानं," खापरसर क्षीण आवाजात म्हणाले आणि मटकन खाली बसले.

"क्ष-किरणांत राळेची चोच धातूसारखी दिसलीच नसती, फिकी पडली असती. म्हटलं, ते लोक येऊन गेले की पक्षी परत सापडेल, पेटी उघडताना, चुकून गेला होता म्हणून. मॅडम आजच खोकं उघडतील असं वाटलं नव्हतं. वहिनी, तुमच्यावर येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं."

वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज आता अगदी पूर्वीसारखा झाला होता, शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरांनाही गप्प करणारा.

"चोचीचं मी समजून घेईन, काका. हातून चूक कोणाच्याही होते. पण दहा वाजता माझ्यावर आळ आला तेव्हा तुम्हाला खरं ठाऊक होतं. तुम्ही मला पाणी आणून दिलंत आणि म्हणालात, वय झालं. हे मला समजत नाही, आणि समजून घ्यायचंही नाही."

डिंककाकांनी मान खाली घातली.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "क्ष-किरणवाले उद्या येऊ देत," ते म्हणाले. "पक्षी आहे तसा दाखवू आणि चोच खोटी आहे हे आपणच सांगू. डिंककाकांचं काय करायचं ते बैठकीत ठरेल. आणि स्वयंसेवकांचं काम बंद करण्याचा विषय मी कागदावरून काढून टाकतो आहे. उलट या दोघींना विचारा, आणखी माणसं हवी आहेत का."

कोणीतरी टाळी वाजवली. बहुधा गाडीवाला असावा, उशीर विसरून तो दारातच थांबला होता. मग किल्लीवाल्यांनी वाजवली, मग सगळ्यांनी. टपालताईचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवायची अजिबात खटपट केली नाही. आपण बरोबर निघालो यापेक्षा वहिनीची मान ताठ झाली याचा तिला हजारपट आनंद झाला होता. घरी गेल्यावर हे कबूल करायचं नाही, एवढं मात्र तिने ठरवून टाकलं.

मॅडम पुढे आल्या. "वहिनी, मी सगळ्यांसमोर आरोप केला, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते. हा पक्षी तुम्हीच परत भरा."

वहिनीने हात धुतले, पुसले. खोकं पुसलं. ताजा मऊ कागद चुरगळून घरटं केलं, पक्षी ठेवला, पुडी ठेवली, चिठ्ठी लिहिली, सही केली. मग तिने उघडं खोकं मॅडमपुढे सरकवलं.

"तपासायची गरज नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमची सही आहे, तेवढं पुरे."

वहिनीने खोकं आणखी पुढे सरकवलं.

"न बघता सही करायची नसते, मॅडम. मोजा."

मॅडमच्या गालांवर लाली चढली. मग त्या तीन विश्वस्तांसमोर, सगळ्या स्वयंसेवकांसमोर खाली वाकल्या आणि शाळेतल्या मुलीसारख्या मोठ्याने म्हणाल्या, "पक्षी एक. पुडी एक. चिठ्ठी एक." आणि त्यांनी वहिनीच्या सहीखाली आपली सही केली.

"आता कसं बरोबर झालं," वहिनी म्हणाली आणि झाकण दाबून लावलं. "आणा ते पहिलं खोकं. आज अख्खी बत्तीस माझ्यासमोर मोजून होतील, तोवर बैठक नाही."

अध्यक्षांनी निमूटपणे बाह्या सारल्या आणि पहिलं खोकं उचलून आणलं.